गॅसची शेगडी पेटत नाही तेव्हा

चूल पेटली नाही, तर आपण फुंकणी घेतो आणि पुन्हा फुंकतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यांतल्या पुष्कळ घरी गॅस आला. पण गॅसची रीत उलटी आहे. शेगडी पेटली नाही, तर आधी थांबायचे असते.

असे का? चावी फिरवली की गॅस बाहेर येतो. तो पेटला नाही, तरी येतच राहतो. हा गॅस हवेहून जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात साचतो. मग काडी ओढली की एकदम भडका होतो. म्हणून आम्ही सांगतो, शेगडी चटकन पेटली नाही, तर चावी बंद करा. दारे-खिडक्या उघडा. थोडा वेळ जाऊ द्या. काडीने पेटवायची असेल, तर काडी आधी, चावी मागून.

गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. वास येत असेल, तर दोष शोधत बसू नका. रेग्युलेटर बंद करा. चूल, दिवा, उदबत्ती विझवा. विजेचे बटण लावू नका आणि बंदही करू नका. मुलाबाळांना घेऊन बाहेर या आणि तिथून १९०६ या नंबरावर फोन करा.

वास नसेल, तर दोष शोधू. एकच बर्नर पेटत नसेल, तर दोष त्या बर्नरमध्ये. दूध-भात उतू जाऊन त्याची भोके बुजतात. बर्नर गार झाल्यावर काढा, भोके टाचणीने मोकळी करा, धुवा आणि पुरता वाळवून बसवा. तरीही पेटला नाही, तर मिस्त्रीला बोलवा.

दोन्ही बर्नर पेटत नसतील, तर मागे पाहा. रेग्युलेटर नीट बसला आहे का? त्याची चावी चालू आहे का? नळी कुठे दुमडली किंवा दबली आहे का? टाकी तर संपली नाही ना? टाकी आडवी करू नका, तापवू तर मुळीच नका.

नळीवर ती बनवल्याचे साल छापलेले असते. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा ते आजच वाचा. ५ वर्षे झाली असतील, तर नळी बदला. गळतीची शंका आली, तर नळीला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले, तर गळती आहे. काडी लावून कधीही पाहू नका.

आणि १९०६ हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.