संगणकजाळ्यातील मोफत खेळ : देवघेव आणि जतन

जामच्या चौरस्त्यावर घटकाभर उभे राहिले, की नागपुराहून आलेली वाहतूक दोन वाटांनी फुटताना दिसते. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुराकडे. नागपुरास मालमोटारीत टाकलेले गाठोडे चंद्रपुरास पोचायचे असेल, तर धाडणाराने बरोबर जाण्याची गरज नसते. मधल्या ठाण्यावर कोणी तरी ते उतरवून घेतो, थोडा वेळ ठेवतो आणि पुढच्या गाडीत चढवून देतो. आज जो विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे, तो समजण्यास एवढे चित्र पुरेसे आहे.

हल्ली मुलांच्या हातातील फोनवर एखादा खेळ अर्ध्या मिनिटात येतो. परंतु तो खेळ ज्या कंपनीच्या संगणकावर नांदत असतो, तो संगणक तिने बंद केला की पुष्कळदा खेळही नाहीसा होतो. उलट पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले काही खेळ आजही जसेच्या तसे खेळता येतात. त्यांचे कर्ते श्रीमंत नव्हते, त्या खेळांची कोणी जाहिरात केली नव्हती आणि ते विकलेही गेले नव्हते. मग ते उरले कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजचा हेतू आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट नावाचे संगणकजाळे सुरू झाले. त्याच्या उभारणीत भाग घेतलेल्या विल क्राउदर या गृहस्थास गुहा धुंडाळण्याचा नाद होता. १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला. त्यात चित्र मुळीच नव्हते. संगणक वाक्यांनी गुहेचे वर्णन करी, आणि खेळणाराने ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशा दोन-दोन शब्दांत आज्ञा द्यावयाच्या. हा खेळ जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉन वूड्स या विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडला. त्यास खेळात भर घालावी असे वाटले. पण कर्ता कोठे असतो हे ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने जाळ्यावरील प्रत्येक संगणकाच्या पत्त्यावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले! जाळे इतके लहान होते की पत्र योग्य माणसास पोचले, परवानगी मिळाली, आणि १९७७ साली वूड्सने वाढवलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ सर्वत्र पसरला. या हकीकतीत पुढच्या सगळ्या व्यवहाराचे बीज आहे. प्रत घेतली, कर्त्यास विचारले, सुधारणा केली आणि सुधारलेली प्रत पुन्हा सर्वांपुढे ठेवली.

अर्पानेट मात्र निवडक संस्थांपुरते होते. बाकीच्यांसाठी १९७९-८० मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना काढली. येथे जामचा चौरस्ता आठवावा. यूझनेटला स्वतःची तार नव्हती. एक संगणक रात्री, दूरध्वनीचे दर उतरल्यावर, शेजारच्या संगणकास फोन लावी आणि दिवसभरात जमलेले लिखाण त्याच्या स्वाधीन करी. तो ते आपल्यापाशी ठेवून घेई आणि आणखी पुढच्यास देई. असे ठाण्यामागून ठाणे ओलांडीत एक खेळ समुद्रापलीकडेही जाई. या पद्धतीचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. गाठोडे पुढे गेले की ठाणे रिकामे होते; येथे मात्र प्रत्येक ठाण्यावर एक नक्कल मागे राही.

अडचण होती ती वाहनाची. ही व्यवस्था केवळ अक्षरे वाहून नेण्यासाठी केलेली, आणि तयार खेळ म्हणजे यंत्राच्या भाषेतील अंकांची रास. ती तशीच पाठवली तर वाटेत बिघडे. म्हणून तीन अंकांच्या जागी चार साधी अक्षरे लिहावयाची, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांचे पुन्हा अंक करावयाचे, अशी युक्ती निघाली. तिचा खर्च उघड आहे : ओझे एक तृतीयांशाहून थोडे अधिक वाढते. जुन्या मोठ्या फ्लॉपीत ३६० किलोबाइट मजकूर मावे. सेकंदास सुमारे १२० अक्षरे नेणाऱ्या मोडेमने तो मुळात ५१ मिनिटे घेई, आणि असे रूपांतर केल्यावर ७० मिनिटांच्या घरात जाई. मध्येच फोन तुटला तर बहुधा सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठ्या खेळाचे लहान लहान भाग करून, प्रत्येकावर अनुक्रमांक घालून ते धाडीत.

शक्य तेव्हा मात्र लोक तयार खेळाऐवजी त्याची मूळ आज्ञावलीच पाठवीत. ती साध्या अक्षरांतच असल्यामुळे रूपांतराची गरज नसे, आणि निरनिराळ्या जातीच्या संगणकांवर तिच्यापासून खेळ सिद्ध करता येई. शिवाय चूक सापडली तर ती वाचून दुरुस्त करता येई. लॅरी वॉलने १९८५ साली एक लहानसे साधन मोफत दिले. त्यामुळे दुरुस्तीसाठी सारा खेळ पुन्हा पाठवण्याचे कारण उरले नाही. बदललेल्या तेवढ्या ओळी पाठवावयाच्या, आणि हे साधन त्या योग्य जागी बसवी. त्याचे नावच मुळी ‘ठिगळ’ या अर्थाचे आहे.

अशा सहकार्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘नेटहॅक’. जे फेन्लासन आणि त्याच्या शाळासोबत्यांनी ‘हॅक’ नावाचा भुयारातील खेळ लिहिला. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणितसंस्थेतील आंद्रिस ब्राउवर यांनी तो वाढवून १९८४ मध्ये यूझनेटवर ठेवला. देशोदेशीच्या लोकांनी ठिगळे पाठवली, आणि १९८७ साली ती एकत्र करून माइक स्टीव्हन्सन आदींनी ‘नेटहॅक’ प्रसिद्ध केला. जाळ्यावरून झालेल्या कामाची खूण म्हणून नावात ‘नेट’ आले. खेळणारा वीर त्यात केवळ ‘@’ या चिन्हाने दाखवलेला असतो.

आता जतनाकडे वळू. यूझनेटवरील लिखाण कायमचे राहत नसे. जागा अपुरी, म्हणून काही दिवसांनी ते पुसले जाई. तेव्हा १९८७ साली खेळांच्या आज्ञावलींसाठी एक स्वतंत्र संपादित गट निघाला. बिल रँडल हे त्याचे संपादक. आलेला खेळ पाहून त्यावर खंड व अंक यांचे क्रमांक घालून ते तो प्रसिद्ध करीत, त्यामुळे संग्रह करणारास नेमके काय आपल्यापाशी नाही हे कळे. न्यू मेक्सिकोतील एका लष्करी तळावरील संगणकात कीथ पीटरसन यांनी मोफत आज्ञावलींचे ‘सिमटेल’ हे भांडार वर्गवारीने लावले. १९९३ साली तो संगणक बंद झाला. पण तोवर भांडाराच्या नकला इतरत्र झाल्या होत्या आणि ते सीडींवर विकतही मिळू लागले होते. म्हणून काम पुढे चालू राहिले. शब्दांनी खेळावयाच्या खेळांसाठी फोल्कर ब्लासिउस यांनी १९९२ साली जर्मनीत वेगळे भांडार काढले, ते आजही चालू आहे.

येथे ‘मोफत’ या शब्दाची थोडी फोड केली पाहिजे. काही कर्त्यांनी खेळावरील हक्कच सोडून दिला. काहींनी हक्क राखला, पण नक्कल करण्याची, वाटण्याची आणि बदलण्याची लेखी परवानगी दिली. ‘नेटहॅक’ या वर्गातला. तिसरे कर्ते पहिला भाग फुकट वाटावयास देत आणि उरलेल्याचे पैसे घेत. १९९३ च्या ‘डूम’ने याच मार्गाने जग जिंकले. तिन्हींत समान गोष्ट एकच, ती म्हणजे नक्कल करण्याची परवानगी. दुकानातून विकत घेतलेल्या खेळाची चोरून केलेली नक्कल यात बसत नाही.

आपल्याकडे हे वारे मुंबईमार्गे आले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अर्नेट हे जाळे आरंभिले. त्यानंतर लवकरच जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून टपाल सुरू झाले, आणि १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेशी जोडणी झाली. सामान्य नागरिकास इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या खात्यावर फक्त अक्षरे दिसत. पण ‘नेटहॅक’ला तेवढेच पुरते! जेथे तार पोचली नव्हती तेथे टपाल पोचत होते. ‘पीसी क्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने १९९६ साली लिनक्स ही मोफत प्रणाली सीडीवर घालून वाचकांना दिली. वाहन बदलले, तरी नक्कल करून पुढे देण्याची रीत तीच राहिली.

कोणी म्हणेल, खेळांसाठी एवढा खटाटोप कशाला? तर खेळ हा या विद्येचा कसरतीचा आखाडा होता. केन टॉम्प्सनने १९६९ साली आपला अंतराळप्रवासाचा खेळ एका अडगळीतल्या लहान संगणकावर नेला, आणि त्याच संगणकावर पुढे युनिक्स ही प्रणाली जन्मास आली. शिवाय लोक फावल्या वेळी काय करीत, हेही इतिहासाचे साधन आहेच.

नक्कल करून जपण्याची रीत आम्हांस नवी नाही. म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी पुढे स्वारीच्या धामधुमीत गेली, आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणूनच तिचे पाठ अनेक. ‘अ‍ॅडव्हेंचर’चेही तसेच झाले. कोठे ३५० गुणांचा, कोठे ५५० गुणांचा, असे त्याचे कितीतरी पाठ निघाले, आणि क्राउदरची मूळ संहिता हरवली असेच सर्व समजत होते. २००५ साली ती स्टॅनफर्डमध्ये वूड्सच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या जुन्या राखीव प्रतीत सापडली. यूझनेटच्या पहिल्या दशकातील सुमारे वीस लाख पत्रे आज वाचावयास मिळतात, तीही टोरांटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून १४१ चुंबकीय फितींवर नकला ठेवल्या म्हणून. त्या वेळी हे काम कोणासही महत्त्वाचे वाटले नसावे.

तात्पर्य, जे उरले ते तीन गोष्टींमुळे उरले : नक्कल करण्याची परवानगी होती, नकला अनेक ठिकाणी होत्या, आणि कोणी तरी बसून त्यांची यादी केली होती. यांतील एक जरी नसती तरी साखळी तुटली असती. आपल्या गावातही संगणकाच्या शिकवण्या निघाल्या तेव्हाच्या फ्लॉप्या एखाद्या कपाटात पडल्या असतील. कोणी मुलांसाठी मराठीतून पाढ्यांचा खेळ लिहिला असेल, कोणी शब्दकोडे केले असेल. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप काळाने निकामी होतो, आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच, की घरी गेल्यावर ते कपाट उघडावे. काही सापडले तर कर्त्याचे नाव, साल आणि त्याची परवानगी कागदावर लिहून घ्यावी, दोन नकला कराव्या, आणि त्यांतील एक गावच्या वाचनालयात ठेवावी.