लालबागचा मसाला आणि निखाऱ्यावर भाजतांना लावावयाचें वाटण

मार्च महिना लागला कीं लालबागच्या मसाल्याच्या बाजारांत पाऊल ठेवतांच शिंका सुरू होतात. परळ, दादर, गिरगांव येथील गृहिणी वर्षाच्या तिखटाची बेगमी करण्यास येथें येतात. मिरची पारखून घेतात, गरम मसाले भाजवितात, आणि कांडप यंत्रापुढें स्वतः उभ्या राहून मसाला कुटवून नेतात. आपल्या शेतांतील मिरचीची अखेरची परीक्षा या बायांच्या चिमटींत होते, हें आपणां शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या मसाल्यापासून आमच्या घरीं एक आंबट वाटण करतात. निखाऱ्यावर मासळी, कोंबडी किंवा वांगीं भाजतांना तें वरून लावावयाचें असतें. हल्लीं शहरांत ‘बार्बेक्यू सॉस’ या नांवानें बाटल्या विकतात, त्यांचें कामही हेंच. अमेरिकेंतही हा पदार्थ प्रांतोप्रांतीं निराळा आहे. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागांत शिरका व मिरची, दक्षिण कॅरोलिनांत मोहरी, तर कॅन्सस शहरीं टोमॅटो व काकवी घालून दाट केलेला. गोव्याचे लोक माडाच्या शिरक्यांत लाल मिरची वाटून ‘रेशाद’ करतात व तो बांगड्याच्या पोटांत भरतात. आम्हां कोंकणच्या लोकांस शिरक्याच्या जागीं कोकमाचें आगळ आहे.

लालबाग-परळास ही चव आली ती गिरण्यांबरोबर. मुंबईंतील पहिली कापडगिरणी १८५६ सालीं ताडदेव येथें सुरू झाली. पुढें रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून माणसें आलीं व आपापलें तिखट घेऊन आलीं. एका चाळींत मालवणी मसाला, तर शेजारीं घाटावरचा कांदा-लसूण मसाला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची पडझड झाली, परंतु मसाल्याचा बाजार तेथेंच राहिला.

आतां मिरचीविषयीं. महसूल खात्यांत आमचा जन्म गेला. पीकपाहणींत आम्हीं ‘मिरची’ एवढेंच लिहिलें, ती कोणती हें कधीं विचारलें नाहीं. वास्तविक सर्व कांहीं त्यांतच आहे. ब्याडगी मिरची सुरकुतलेली, गडद रंगाची व तिखटास सौम्य. तिला २०११ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. संकेश्वरी लांब, बारीक व चांगली झणझणीत. नुसत्या ब्याडगीचा मसाला दिसावयास सुरेख, पण जिभेस पांचट. नुसत्या संकेश्वरीचा खाववत नाहीं. आमचें प्रमाण असें: दोन्ही मिरच्या अर्धा-अर्धा किलो, धणे अर्धा किलो, बडीशेप १०० ग्रॅम, मिरीं, लवंग व दालचिनी प्रत्येकीं ५० ग्रॅम, शिवाय दगडफूल, जायपत्री, हळकुंड व हिंग बेतानें. तिखटपणा बियांत असतो अशी समजूत आहे, ती बरोबर नाहीं. बिया ज्या पांढऱ्या गाभ्यास चिकटलेल्या असतात त्यांत तो मुख्यत्वें असतो.

एके वर्षीं स्वस्त मिळाली म्हणून आम्हीं मऊ मिरची घेतली. घरांतून सांगणें झालें होतें कीं, ही वांकते आहे, मोडत नाहीं; पण आम्हीं भावाकडे पाहिलें. श्रावणांत बरणी उघडली तों मसाल्याच्या गुठळ्या झालेल्या व वर बुरशी. सबंध वर्षाचा मसाला टाकावा लागला. वजन वाढावें, शेंगा फुटूं नयेत, म्हणून पोतीं भरण्यापूर्वीं मिरचीवर पाणी मारण्याची चाल आहे. तिचा परिणाम हा. अशा ओलीवर वाढणाऱ्या कांहीं बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार करतात. तें यकृतास अपाय करतें आणि शिजवल्यानें जात नाहीं. वरची बुरशी काढून उरलेला मसाला वापरणें म्हणूनच चुकीचें. वाळलेल्या मिरचींत ओलावा शेंकडा ११ हून अधिक नसावा असा नियम आहे. घरीं मोजण्याचें यंत्र नसलें तरी कान आहेत: शेंग हलविली असतां बिया खुळखुळल्या पाहिजेत. मिरची उघड्या मातींत न वाळवितां स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर पसरावी व दंव पडण्यापूर्वीं रोज झांकावी.

वाटणाची कृति अशी. चार चमचे मसाला थोड्या पाण्यांत कालवून ठेवावा, म्हणजे तो करपत नाहीं. दोन पळ्या तेलांत बारा पाकळ्या ठेंचलेला लसूण मंद आंचेवर परतावा व त्यांत मसाला सोडावा. मिरचीचा रंग व तिखटपणा पाण्यापेक्षां तेलांत अधिक उतरतो, म्हणून तेल सुटेपर्यंत घाई करूं नये. नंतर पाव वाटी आगळ व तितकेंच पाणी घालून पांच मिनिटें उकळावें. आगळांत मीठ असतेंच, तेव्हां वरून मीठ चाखूनच घालावें. भांडें स्टीलचें किंवा मातीचें घ्यावें; ॲल्युमिनियम अथवा कल्हई नसलेलें पितळ आंबटास चालत नाहीं. आतां वाटणाचे दोन भाग करावे व एकांतच सुपारीएवढा गूळ विरघळवावा.

हे दोन भाग कां, तें सांगतों. गूळ आरंभींच लावला तर वरून काळा कोळसा होतो आणि आंत मासा कच्चा राहतो. प्रथम बिनगुळाचें वाटण लावावें. ज्वाळेवर भाजूं नये. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली म्हणजे बांगडा मांडावा. बांगड्यास दोन्ही अंगांनीं चिरा द्याव्या. प्रत्येक बाजू पांच-सहा मिनिटें भाजली, कीं गुळाचें वाटण फिरवावें व दोन मिनिटांत उतरावें. लावण्यास अर्धा कापलेला कांदा काट्यास टोंचून घ्यावा. त्याचा वासही लागतो. कोंबडीस वेळ अधिक लागतो. हाडाजवळ तांबूस दिसल्यास ती झालेली नाहीं असें समजावें. कच्च्या मासळीस किंवा मांसास लागलेल्या कांद्यानें उरलेल्या वाटणास स्पर्श करूं नये, आणि तसें वाटण ताटांत तर मुळींच वाढूं नये.

शाकाहारी मंडळींनीं वांग्याच्या जाड फोडी, मक्याचीं कोंवळीं कणसें किंवा कच्चीं केळीं घ्यावीं. सुरण घेतल्यास तो आधीं कोकम घालून उकडावा, म्हणजे घसा खवखवत नाहीं. मग वाटण लावून भाजलेली सुरणाची फोड खाणाऱ्यास मासळी आठवते, असें आमचे एक माळकरी स्नेही म्हणतात. त्यांनीं मासळी केव्हां खाल्ली होती हें आम्हीं विचारलें नाहीं.

एक धोक्याची सूचना. कोरडा मसाला हवाबंद बरणींत वर्षभर टिकतो, वाटण टिकत नाहीं. तेलांत बुडालेल्या लसणास हवा मिळत नाहीं, आणि अशा ठिकाणीं बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतु वाढूं शकतात. वास किंवा चव बिघडलेली समजेलच असें नाहीं. आगळाच्या आंबटपणावर भरंवसा ठेवूं नये. त्या दिवसापुरतेंच करावें. शीतकपाट असल्यास त्यांत दोन-तीन दिवस ठेवावें, त्यापुढें टाकून द्यावें. मसाला बरणींत आहेच, व आगळही वर्षभर राहतें. पुन्हां करावयास अर्धा तास पुरतो.