बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका

आज आपण अशा एका गोळीबद्दल बोलणार आहोत, जी बऱ्याच घरांत पिठाच्या डब्यामागे नाहीतर साड्यांच्या घडीत लपवून ठेवलेली असते. बीपीची गोळी आपण चारचौघांत घेतो. शुगरची गोळी तर पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या मागवून घेतो. पण मनाच्या आजाराची गोळी म्हटली, की दार लोटून घ्यावी लागते. आणि लपवून घेतलेली गोळी नीट घेतली जात नाही. कधी राहून जाते, कधी संपते, कधी आपली आपणच बंद होते. खरा धोका तिथे आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बचत गटांचं काम करते. त्यामुळे कुणी कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी, हे मी सांगणार नाही. पण गटातल्या काही जणींबरोबर दवाखान्यात जाणं झालं, डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेल्या गोष्टी लिहून घेतल्या. त्याच आज सांगते.

आधी आजार समजून घेऊ. घरात दुःखाची गोष्ट घडली, पीक गेलं, तर कुणालाही वाईट वाटतंच. तो आजार नाही. पण दोन आठवडे किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराच वेळ मन उदास राहतं, आवडीच्या कामात जीव रमत नाही, झोप-भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, 'माझा कुणाला काही उपयोग नाही' असं वाटत राहतं, तर ते नैराश्य असू शकतं. चिंतेच्या आजारात छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात, आता काहीतरी वाईट घडणार असं उगाच वाटत राहतं. आपण बायका दवाखान्यात गेलो, की मनाचं सांगत नाही. पाठ दुखते, डोकं दुखतं, पित्त होतं, एवढंच सांगतो. तर पुढच्या वेळी झोपेचं आणि मनाचंही सांगा. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी असाच थकवा येतो. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगू शकतात. आजार सौम्य असेल, तर पुष्कळदा समुपदेशनानेही बरं वाटतं. जास्त असेल, तर गोळी आणि समुपदेशन दोन्ही लागतं.

नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी आज बहुतेक वेळा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन यांपैकी एखादी गोळी देतात. या झोपेच्या गोळ्या नाहीत. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, त्याच्या कामावर त्या परिणाम करतात. सुरुवातीला काही दिवसांसाठी क्लोनाझेपामसारखी दुसरी गोळी सोबत देतात. तिने झोप लागते, घाबरेपणा लगेच कमी होतो. पण तिची मात्र सवय लागू शकते. म्हणून चिठ्ठीवर दोन गोळ्या असतील, तर स्पष्ट विचारा, "डॉक्टर, यातली कोणती किती दिवस घ्यायची?" नैराश्याची गोळी आपण बंद केली आणि झोप येते म्हणून दुसरीच घेत राहिलो, असा उलटा प्रकार होऊ देऊ नका.

गोळी सुरू होण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारताही सांगा. बाळ राहिलंय का, राहावं अशी इच्छा आहे का, अंगावर पाजता का. फिट येते का, हृदयाचा त्रास आहे का. आणखी कोणत्या गोळ्या, काढे, जडीबुटी चालू आहेत. दारू घेत असाल, तर तेही. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की झोप नसतानाही थकवा नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे उधळले जात होते? तो वेगळा आजार असू शकतो. त्यात नुसती ही गोळी दिली, तर त्रास वाढू शकतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ही गोळी मधेच सुटण्याच्या दोन वेळा असतात. पहिली वेळ म्हणजे सुरुवातीचे दोन आठवडे. डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते, तशी ही करत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडेही लागतात. त्रास मात्र आधी येतो. मळमळतं, पोट बिघडतं, डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, झोप उडते किंवा जास्त येते, सुरुवातीला थोडी बेचैनीही वाढते. मग बाई म्हणते, "गोळीनं गुण तर नाहीच, वर हा ताप," आणि पट्टी चुलीत जाते. मैत्रिणींनो, यातला बराचसा त्रास आठ-पंधरा दिवसांत आपोआप कमी होतो. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घेता येते का, ते डॉक्टरांना विचारा. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होणं हाही एक परिणाम आहे. लाजून गप्प बसू नका, त्यावरही डॉक्टरांकडे उपाय असतात.

दुसरी वेळ येते दोन-तीन महिन्यांनी, बरं वाटायला लागल्यावर. आमच्या गटातल्या एक ताई पुन्हा हसू-बोलू लागल्या, शेळ्यांचं बघू लागल्या. घरचे म्हणाले, "आता कशाला गोळ्या?" आणि एका दिवसात बंद केल्या. तीन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू झाले. आणि पुढे दोन महिन्यांत आजारही परतला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. बरं वाटायला लागल्यानंतरही ही गोळी साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला असेल, तर आणखी जास्त काळ. आणि थांबवायची वेळ आली, की डॉक्टर डोस हळूहळू, काही आठवडे घेत कमी करतात.

मग सवय लागते का? दारू-तंबाखूसारखी तलफ हिची येत नाही, परिणामासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण शरीराला तिची सवय झालेली असते, म्हणून एकदम सोडली तर ते झटके बसतात. जिना उतरताना आपण एकेक पायरी उतरतो, वरून उडी मारत नाही, तसंच हे.

आता रोजच्या गोष्टी. गोळीची वेळ एकच ठेवा. चुकली आणि त्याच दिवशी आठवली, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली, तर त्या दिवशीची एकच घ्या, दोन एकदम नको. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. रोजा असेल, तर वेळ कशी बदलायची ते आधी विचारा. नवस बोला, दर्ग्याला जा, पण गोळी चालू ठेवा. ऊसतोडीला किंवा माहेरी जाणार असाल, तर निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. कंपनी बदलली की नाव बदलतं, पण आतलं औषध तेच असू शकतं. म्हणून पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव कुणाकडून तरी वाचून घ्या, नाहीतर एकच औषध दोनदा पोटात जाईल. पट्टीवर लाल उभी रेघ दिसते ना, तिचा अर्थच असा, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आपल्याला गुण आला म्हणून जावेला, नणंदेला चार गोळ्या काढून देऊ नका.

गुडघे दुखले, की आपण दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणतो. या गोळीबरोबर ती घेतली, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल तर विचारल्याशिवाय नकोच. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

दिवस राहिले, तर घाबरून गोळी एकदम बंद करू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या गरोदरपणात आणि पाजताना चालू ठेवता येतात, काही बदलाव्या लागतात. आईचा आजार अंगावर काढणं हेही बाळासाठी चांगलं नाही.

पुढची लक्षणं दिसली, तर मात्र वाट पाहायची नाही. खूप ताप, घाम, अंग ताठणं आणि थरथरणं. काळी शौच. अंगावर पुरळ आणि तोंडाला सूज. म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम होणं. झोप न घेता अंगात वारं भरल्यासारखं वागणं. अशा वेळी थेट दवाखाना गाठा. आणि जीव नकोसा होण्याचे विचार. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलींमध्ये, असे विचार वाढू शकतात. म्हणून या काळात घरच्यांनी तिला एकटं सोडू नये, रोज विचारावं. गोळ्यांची पट्टी घरातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावी, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. असं बोलणाऱ्या बाईला "नाटकं करते" म्हणू नका. तिच्याजवळ बसा आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

मदत कुठे मिळेल? जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारलंत, तर वाट दाखवतील. जनऔषधी केंद्रात या गोळ्या स्वस्त मिळतात. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 2022 पासून सुरू आहे. नंबर लिहून घ्या: 14416. दिवसा-रात्री कधीही, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. दवाखान्यात सांगितलेलं गावभर होईल, या भीतीने थांबू नका.

घरात कुणाची अशी गोळी चालू असेल, तर सासूबाईंनो, भाऊंनो, एवढंच करा. "अजून किती दिवस खाणार?" असं विचारण्याऐवजी "आज घेतलीस का?" असं विचारा, आणि पाण्याचा तांब्या पुढे करा.