स्वमग्न मूल आणि आपण

मळणीयंत्र सुरू होताच एखादे मूल कानांवर हात दाबून ओरडत पळते. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण खेळण्यातील गाडीचे चाक तासन्‌तास फिरवीत बसते. रोजची थाळी बदलली की जेवत नाही. शेजारी म्हणतात, ‘लाडाने बिघडले.’ कोणी आईला बोल लावतो, कोणी दृष्ट काढायला सांगतो. अशा वेळी हे मूल स्वमग्न आहे काय, हे आधी पाहावे.

स्वमग्नतेला ऑटिझम असेही म्हणतात. हा लागण होणारा रोग नव्हे. अशा मुलाच्या मेंदूची वाढच निराळ्या रीतीने होते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे जाणकारही आईच्या मायेत उणे आहे असे सांगत. १९७७ साली सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला. आईला दोष देण्यास काहीच आधार नाही. लसीलाही नाही. १९९८ साली गोवराच्या लसीवर संशय घेणारा लेख ‘लॅन्सेट’ने छापला होता, तो त्यांनीच २०१० साली मागे घेतला.

‘यांना दुसऱ्याचे मन कळत नाही,’ असे आपण सहज म्हणतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली उलट विचारले, की आपल्याला तरी त्यांचे मन कोठे कळते? २०२५ साली ३११ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला माहिती सांगत जायची, अशी रीत होती. त्यात स्वमग्न माणसे इतरांपेक्षा कमी पडली नाहीत.

मग घरी काय करावे? प्रथम मुलाचे कान तपासून घ्यावेत व बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दिनक्रम ठरलेला ठेवावा. बदल असेल तर आधी सांगावा. बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवून मागू द्यावे. गोंगाटाच्या वेळी शांत कोपरा द्यावा. डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती करू नये. मारून तर काहीच साधत नाही.

‘आमच्या माघारी याचे कसे होईल?’ ही आईबापांची खरी काळजी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, गरज असल्यास, अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा दाखला वेळेवर काढावा आणि मुलाला लपवून ठेवू नये. गोठ्यात, रोपवाटिकेत ठरलेले काम ठरलेल्या वेळी करायला त्याला शिकवावे. गावाने त्याला आजच ओळखले, तर उद्या ते एकटे पडणार नाही.