नांगराची जाहिरात ते फुलीची शोधाशोध

कराडहून मिरजेकडे निघालेली गाडी शेणोली, भवानीनगर, ताकारी ही स्टेशने मागे टाकत किर्लोस्करवाडीला पोचते. औंध संस्थानातल्या या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना आणला. नांगर तयार होत होते, पण ते खपवणे अवघड होते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचावी म्हणून. म्हणजे मासिक हीच मुळात एक जाहिरात होती, आणि ती कोणापासून लपवलेली नव्हती.

तरी लोकांनी ते आवडीने वाचले. शंकरराव स्वतः चित्रकार होते, व्यंगचित्रे काढत. नांगराच्या शेजारी उद्योग, आरोग्य, स्वावलंबन, समाजसुधारणा असे विषय येत गेले. पुढे नावातली ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आले, 1934 मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख ‘किर्लोस्कर’मध्ये छापून येत. नांगर घेणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते सगळेच रुचले असतील, असे नाही. माल विकायला निघालेल्या मासिकाने गिऱ्हाईक नाराज होण्याची जोखीम घेतली, ही गोष्ट आज जाहिरातीवर चालणाऱ्या कुणालाही थोडी वेडगळ वाटेल. पण जाहिरात कोणाची, ती इथे का आहे आणि मजकूर कुठे सुरू होतो, हे वाचकाला डोळे झाकून सांगता येत होते. पान उलटले की जाहिरात मागे पडे. ती पाठलाग करत नसे.

वेबवर हा हिशोब बिघडायला फार वर्षे लागली नाहीत. 27 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेतल्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीच्या जाहिरातीची पट्टी झळकली आणि पाहणाऱ्या शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर क्लिक केले, असे सांगितले जाते. नव्याची नवलाई ओसरल्यावर तो आकडा कोसळला. मग आला पॉप-अप. त्याचा जन्म मोठा मासलेवाईक आहे. ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर दिसली, कंपनी बिथरली; तेव्हा तिथल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती काढली. जाहिरातदाराची अब्रू वाचली, वाचकाच्या कपाळी खिडकी बंद करायची फुली शोधणे आले. झुकरमन यांनी 2014 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

मराठीत ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 च्या गणेशचतुर्थीला परदेशस्थ मराठी माणसाने सुरू केले. तिथे छोट्या जाहिरातींना वेगळा विभाग मिळाला. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आली तेव्हा जो तो आपापला फॉन्ट घेऊन आला. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी अगम्य चिन्हे दिसत. जाहिरात मात्र चित्र असल्यामुळे लख्ख दिसे!

गूगलने 2003 मध्ये संकेतस्थळांवर आपोआप जाहिराती लावणारे अ‍ॅडसेन्स आणले आणि जाहिरात मिळवण्यासाठी कुणाच्या दारात जाण्याची गरज उरली नाही. हिंदीला ही सोय 2014 च्या डिसेंबरात मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावचा वाचक मोबाइलवर बातम्या वाचू लागला. पण मराठी पानाला हजार दर्शनांमागे मिळणारे पैसे इंग्रजीच्या मानाने किरकोळ. तूट भरून काढायची तर पाने वाढवा, पानावरच्या जाहिराती वाढवा. एका पानावर तीनच जाहिराती, ही अ‍ॅडसेन्सची जुनी मर्यादाही 2016 मध्येच उठली. एका बातमीचे दहा फोटो करून प्रत्येकासाठी नवे पान उघडायला लावणे हा त्याच काळातला उद्योग. एसटीत शेजारच्याच्या फोनमधून अचानक तेलाची जाहिरात कोकलू लागली, की वाचणारा ओशाळून आधी फोन बंद करी, मग संकेतस्थळ. तक्रारीचे पत्र कोणी लिहीत नाही. वाचक फक्त परत येत नाही, किंवा अ‍ॅडब्लॉकर लावतो.

शेवटी लगाम घातला तो धंद्यातल्याच मंडळींनी. ‘कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ने 2017 मध्ये लोकांना सर्वांत नकोशा जाहिरातींची यादी केली: पॉप-अप, आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, मोबाइलच्या पानाचा 30 टक्क्यांहून अधिक भाग व्यापणाऱ्या जाहिराती. 9 जुलै 2019 पासून गूगलच्या क्रोमने जगभर, ताकीद देऊनही न सुधारणाऱ्या संकेतस्थळांच्या सगळ्याच जाहिराती अडवायला सुरुवात केली. स्वतः जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीच्या हाती ही छडी असावी, हे जरा खटकतेच.

कराड, सातारा, सांगलीकडच्या छोट्या बातमी-संकेतस्थळांना यातून जुनीच वाट सापडली. दुकान, क्लास, दवाखाना, सराफ यांच्याकडून थेट जाहिरात घ्यायची आणि क्लिक न मोजता महिन्याचे ठरलेले पैसे घ्यायचे. अशी पट्टी स्थिर असते, पान जड करत नाही, आणि दत्त चौकातल्या दुकानाची जाहिरात कराडकराला उपरी वाटत नाही. वाचक तिच्यावर चिडत नाही. क्वचित उपयोगाची म्हणून पाहतोही. अडचण दुसऱ्या बाजूने येते. या भागात थेट जाहिरातीचा मोठा वाटा नेत्यांच्या वाढदिवसांचा आणि सहकारी संस्थांच्या शुभेच्छांचा. तिथे पट्टी कितीही सभ्य असली, तरी शुभेच्छा देणाऱ्या साखर कारखान्याच्या ऊसदराची बातमी त्याच पानावर किती वर लागली आणि लागली की नाही, हे ऊस घालणारा वाचक बरोबर पाहतो.