टाकीची गुडगुड बंद!

आमच्या नवीन जालन्यातल्या हॉलमध्ये माशांची टाकी आहे. ओव्हरफ्लोचं पाणी पाइपातून खालच्या संपमध्ये पडतं आणि रात्रभर गुडगुड. आजी म्हणाली, "एकतर मासे ठेव, नाहीतर मला!"

घाणेवाडी तलावाचं पाणी उतारानेच नवीन जालन्यात येतं ना, तसंच इथेही. पण पाइप अर्धवट भरला की पाणी सोबत हवा ओढतं. आवाज त्या हवेचा.

म्हणून दोन पाइप टाकले. पहिल्याचं तोंड पाण्याखाली, खाली गेट व्हॉल्व्ह. तो हळूहळू आवळायचा, पाइप पूर्ण भरेपर्यंत. संपमधलं टोक इंचभरच बुडवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. दुसऱ्याचं तोंड थोडं वर. पहिला तुंबला तर सगळं पाणी यातून जाणार, म्हणून याला व्हॉल्व्ह अजिबात नको. नाहीतर फरशीवर तळं!

आणि लाइट गेली की टाकीतलं थोडं पाणी खाली उतरतंच. संप काठोकाठ भरू नका.

आता दुसरा पाइप वाजला, की समजायचं पहिल्यात शेवाळ अडकलंय. परवा आजीनेच हाक मारली, "अरे ऊठ, तुझी टाकी बोलतेय!"