गाठ वाटाण्याएवढी, पण ‘गाठ’ थेट पोटाशी!

पोटात ॲसिडचा महापूर आणणारी गाठ केवढी असावी? नारळाएवढी? छे! कित्येकदा एक सेंटिमीटरहूनही लहान. नाव गॅस्ट्रिनोमा. मूर्ती लहान, कीर्ती रक्तरंजित!

ओव्हरटाइम! गॅस्ट्रिन हे हार्मोन जठराला ‘ॲसिड सोड’ अशी ऑर्डर देतं. ही गाठ ते नॉनस्टॉप सोडते. मग काय, अल्सरवर अल्सर!

माहीत आहे का? असे पेशंट वर्षाला दहा लाखांत जेमतेम १ ते ३. अल्सरचे नेहमीचे आरोपी म्हणजे एच. पायलोरी जंतू आणि वेदनाशामक गोळ्या.

जोडी नंबर वन! अमेरिकेतल्या ओहायोचे सर्जन झोलिंजर आणि एलिसन. १९५५ मध्ये त्यांनी दोन पेशंटची हकिगत मांडली: ऑपरेशन करूनही अल्सर पुन्हा हजर, आणि स्वादुपिंडात गाठी. तेव्हापासून हा ‘झोलिंजर-एलिसन सिंड्रोम’.

कोड रेड! ड्युओडेनमच्या (म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) मागच्या भिंतीतला अल्सर खोल गेला, की शेजारची धमनीच कुरतडतो. रक्ताची उलटी, काळीकुट्ट शी, बीपी धडाधड खाली. आधी एंडोस्कोपीतून इंजेक्शन आणि क्लिप. तरीही रक्त थांबेना? मग सर्जन ड्युओडेनम उघडतात, वाहती जागा बोटाने दाबून धरतात आणि खोल टाके घालून धमनी बांधतात.

पण थांबा! रक्त थांबलं, गाठ तिथेच. ॲसिड पुन्हा सुरू! पूर्वी म्हणून अख्खं जठरच काढून टाकत. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण पेशंट वाचायचा, कारण ॲसिडची फॅक्टरीच बंद.

संन्यासी सुटला! १९७० च्या दशकात सिमेटिडिन हे ॲसिड रोखणारं औषध आलं, पुढच्या दशकाअखेर ओमेप्राझोल. आता तगड्या डोसने ॲसिड आवरतं, जठर वाचतं आणि चोराचा शोध निवांत घेता येतो.

उलटी खोपडी! चोर ओळखायची टेस्टही भन्नाट: सिक्रेटिन या हार्मोनचं इंजेक्शन दिलं की एरवी गॅस्ट्रिन वाढत नाही. या पेशंटमध्ये मात्र ते उसळी मारतं. झाली की नाही खरीखुरी ‘ॲसिड टेस्ट’?

माहीत आहे का? जादा ॲसिड चरबी पचवणारं एन्झाइम निकामी करतं, म्हणून जुलाबही होतात. नाकातून नळी घालून जठरातलं ॲसिड ओढून घेतलं, की जुलाब बंद!

चोराचा पत्ता? बहुतेकदा ड्युओडेनम किंवा स्वादुपिंड. पण क्वचित ही गाठ चक्क हृदयातही सापडली आहे. म्हणजे जळजळ पोटात, भानगड दिलात!